दहा रानडुकरे मारून आण!
(ऑनलाइन खेळांतील कामगिऱ्यांचे गुणदोष)



मराठी वर्गाच्या मधल्या सुट्टीत मुलांच्या गप्पा ऐकल्या, तर "माझी क्वेस्ट संपली", "तुझी लेव्हल किती?" ही वाक्ये हटकून कानावर पडतात. पालकांना वाटते, ही मुले नुसती भुतेखेते मारत बसतात. मुलांना वाटते, आईबाबांना यातले ओ की ठो कळत नाही. दोन्ही म्हणण्यांत थोडेथोडे तथ्य आहे. म्हणून क्वेस्ट म्हणजे काय, ती आतून कशी बांधलेली असते, आणि चांगली कोणती व वाईट कोणती हे कसे ओळखायचे, ते या लेखात पाहू.

क्वेस्टला आपल्या भाषेत छान शब्द आहे: कामगिरी. राजाने सरदाराला कामगिरीवर धाडले, असे आपण इतिहासात वाचतो. कोणीतरी विश्वासाने सोपवलेले आणि करून दाखवायचे काम म्हणजे कामगिरी. ऑनलाइन खेळात हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात वावरत असतात आणि त्या जगातली पात्रे त्यांना अशा कामगिऱ्या सोपवतात.

चार रकाने

कॉम्प्युटरच्या दृष्टीने साधी कामगिरी म्हणजे चार रकान्यांचा तक्ता. काम कोणी दिले? काय करायचे? त्यातले किती झाले? बक्षीस काय? बस्स. वरून कितीही सुरस गोष्ट लिहिलेली असो, आतला प्रोग्राम एकच प्रश्न विचारत असतो: "दहापैकी किती झाले?" दहा झाले की बक्षीस.

रचना इतकी सोपी असल्यामुळे अशा कामगिऱ्या शेकड्यांनी तयार करता येतात. हा तिचा मोठा गुण आणि तिच्या सगळ्या दोषांचे मूळही हेच.

कॉम्प्युटरच्या आधी असे नव्हते. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. आज तो आपल्या शेजारच्या रेंटनमधील विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी काढते. त्यात मित्रमंडळी टेबलाभोवती बसतात आणि एकजण सूत्रधार होतो. तुम्ही राक्षसाला मारण्याऐवजी त्याच्याशी मैत्री करायची ठरवली, तर सूत्रधार क्षणभर विचार करून गोष्ट तिकडे वळवतो. ऑनलाइन खेळात हजारो खेळाडूंना पुरतील इतके सूत्रधार कुठून आणणार? म्हणून सूत्रधाराच्या जागी तक्ता आला.

कामगिरीचे गुण

पहिला गुण म्हणजे ती वाट दाखवते. १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' नावाचा खेळ आला. नावातच क्वेस्ट असली, तरी पुढे काय करायचे हे तो फारसे सांगत नसे. पात्राशी बोलताना नेमका शब्द टाइप केला तर पुढचा धागा मिळे. पुष्कळ खेळाडू टोळी करून एकाच जागी तासन्‌तास राक्षस मारत बसत. मग नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्यात काम देणाऱ्या पात्राच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसे आणि काम पुरे झाले की प्रश्नचिन्ह. नवख्यालाही कळे, की आता कुठे जायचे. खेळ लोकप्रिय होण्याचे हे एक मोठे कारण होते.

दुसरा गुण, ती शिकवते. २००१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या 'रूनस्केप' या खेळात एक अगदी सुरुवातीची कामगिरी आहे. वाड्यातला आचारी घाबरलेला असतो, कारण ड्यूकसाहेबांच्या वाढदिवसाचा केक करायचा आहे आणि सामान नाही. अंडे, दूध आणि पीठ आणून द्यायचे. कागदावर हे "तीन वस्तू आण" इतकेच काम. पण पीठ आयते मिळत नाही! शेतातला गहू तोडायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ओतायचा, खटका ओढायचा आणि खाली येऊन पीठ भांड्यात भरायचे. दुधासाठी बादली घेऊन गाय गाठायची. केकचे सामान जमेपर्यंत शेत, गोठा आणि गिरणी तुमच्या ओळखीची झालेली असतात. कोणी धडा वाचून दाखवला नाही, तरी धडा झाला.

तिसरा गुण, ती कारण देते. नुसते चालणे कंटाळवाणे असते. कोणाचे औषध घेऊन चालणे तसे नसते.

कामगिरीचे दोष

आता दुसरी बाजू पाहू.

पहिला दोष मोजणीचा. समजा, रानडुकराचे आठ सुळे आणायचे आहेत. तुम्ही डुक्कर मारता आणि खेळ सांगतो, की याच्याकडे सुळा नाही! समोर दोन सुळे दिसत असतात, तरीही नाही. याचे कारण असे, की कॉम्प्युटर दर वेळी फासा टाकतो. तिनात एकदा सुळा मिळणार असे ठरवले असेल, तर आठ सुळ्यांसाठी सरासरी चोवीस डुकरे मारावी लागतात. पण ही झाली सरासरी. लागोपाठ दहा डुकरांकडे एकही सुळा न मिळण्याची शक्यता किती? दोन तृतीयांशाचा दहावा घात करून पाहा. उत्तर सुमारे १.७ टक्के येते. म्हणजे साठ मुले खेळत असतील, तर त्यांतले एखादे सुरुवातीलाच असे रडकुंडीला येणार. त्याचे काही चुकलेले नसते, फासा तसा पडलेला असतो. काम लांबवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा दोष, गोष्ट कोणी वाचत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या कामगिऱ्या रचणाऱ्यांपैकी जेफ कॅप्लन यांनी २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत याच विषयावर भाषण केले. कामगिरीचा मजकूर ५११ अक्षरांत बसवावा लागे, असे त्यांनी सांगितले, आणि तेवढाही लोक वाचत नाहीत हे मान्य केले. एका पुस्तकाची विखुरलेली पाने गोळा करण्याची कामगिरी त्यांनी स्वतः रचली होती. पाने फाशाप्रमाणे मिळत आणि खेळाडूंच्या पिशव्या पानांनीच भरून जात. ती वाईट कामगिरीचा नमुना आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आपलेच काम असे चारचौघांत तपासणे सोपे नसते.

त्याच वर्षअखेर त्या खेळाने कामगिरीच्या जागा नकाशावर दाखवायला सुरुवात केली. सोय झाली, पण नकाशावर खूण दिसली की आजूबाजूला पाहण्याची गरज उरत नाही. जीपीएस लावून गाडी चालवली, की मुक्कामी पोहोचतो पण रस्ता ओळखीचा होत नाही, तसेच हे.

तिसरा दोष सर्वांत खोल आहे आणि तो आळसातून आलेला नाही. गोष्टीत नायकाने गाव वाचवले की गाव वाचते. पण ऑनलाइन जगात तुमच्या मागे हजारो नायक रांगेत उभे असतात आणि प्रत्येकाला तेच गाव वाचवायचे असते! म्हणून तुम्ही मारलेला दरोडेखोर पाच मिनिटांत पुन्हा आपल्या जागी हजर होतो. गोष्टीला जग बदलायला हवे असते. सर्वांचे मिळून असलेल्या जगाला मागून येणाऱ्यांसाठी तसेच राहावे लागते. ही ओढाताण कोणत्याही हुशार प्रोग्रॅमरला पूर्ण सोडवता आलेली नाही.

उपाय मात्र पुष्कळ झाले. प्रत्येक टोळीला जगाची वेगळी प्रत देणे हा एक. २००८ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने दुसरा काढला: तुमची कामगिरी जिथवर आली असेल, त्याप्रमाणे तुम्हाला जग दिसते. पण मग शेजारी उभा असलेला मित्र मागच्या टप्प्यावर असेल, तर तो दिसतच नाही!

आपल्या बेलव्ह्यूचा प्रयोग

या ओढाताणीवरचा एक धाडसी प्रयोग आपल्याच गावात झाला. बेलव्ह्यूच्या अरेनानेट कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये 'गिल्ड वॉर्स २' हा खेळ काढला. त्यात डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन उभी राहणारी पात्रे जवळपास काढून टाकली. त्याऐवजी घटना घडतात. अर्धे घोडा आणि अर्धे माणूस असे सेंटॉर गावावर चालून येतात. जवळ असलेल्या कोणीही मदतीला धावावे. फार लोक जमले तर शत्रूही वाढतात. कोणी आलेच नाही तर गाव शत्रूच्या हाती जाते आणि मग ते परत मिळवण्याची घटना सुरू होते.

यातली खरी सुधारणा मनाची आहे. जुन्या खेळांत दुसरा खेळाडू आला की "हा माझा राक्षस पळवणार" अशी धास्ती वाटे. येथे मदत करणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस मिळते, त्यामुळे दुसऱ्याला पाहून बरे वाटते. नियम बदलला, की अनोळखी माणसाबद्दलची भावनासुद्धा बदलते.

दोष राहिलेच. वाचवलेल्या गावावर थोड्या वेळाने पुन्हा हल्ला होतो. शिवाय खेळ तयार होत असताना चाचणी करणारे खेळाडू "आता काय करू?" म्हणून घुटमळू लागले, तेव्हा वाट दाखवण्यासाठी नकाशावर हृदयाच्या आकाराच्या खुणा टाकाव्या लागल्या. पुढे २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने खेळातले लायन्स आर्च हे मुख्य शहर खरोखरच उद्ध्वस्त केले, तेही सर्वांसाठी! जे हजर होते त्यांना शहर सोडून पळावे लागले. पण उशिरा आलेल्यांना ती गोष्ट खेळायलाच मिळेना. अखेर २०२२ मध्ये तो भाग पुन्हा आणला गेला. जग खरोखर बदलले, तर मागून येणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, ते असे.

वेताळाकडून काय शिकावे?

मग चांगली कामगिरी शक्यच नाही का? आपल्याकडे तिचा एक नमुना शेकडो वर्षे आहे: वेतालपंचविशी. विक्रम राजाची कामगिरी पाहा. झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन ये. हे काम तो पुन्हा पुन्हा करतो. हिशेबाने पाहिले तर रानडुकरांपेक्षाही कंटाळवाणे! तरी आपल्याला कंटाळा येत नाही. का?

कारण प्रत्येक खेपेला वेताळ नवी गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर प्रेत परत झाडावर. येथे मोजणी महत्त्वाची नाही, निर्णय महत्त्वाचा आहे. राजा खरे बोलतो आणि हातचे काम दर वेळी घालवतो. म्हणूनच तो कसा माणूस आहे हे आपल्याला कळते. आणि अखेर राजाला उत्तर सुचत नाही, तेव्हा वेताळ त्याला कपटी योग्याचा कट सांगून वाचवतो. वेताळाने जगाला हात लावला नाही. झाड तेच, वाट तीच. बदलत गेली ती राजाची आणि वेताळाची ओळख.

ऑनलाइन खेळ रचणाऱ्यांना येथे एक दार उघडे आहे. जग सर्वांसाठी सारखेच ठेवावे लागत असेल, तर ठेवावे. पण खेळाडूला काही ठरवायला लावावे. रूनस्केपच्या आचाऱ्याने शिकवले, विक्रमाच्या वेताळाने निवडायला लावले. आठ सुळ्यांनी फक्त वेळ घेतला.

तीन प्रश्न

तेव्हा मुलांनो, कोणतीही कामगिरी संपली की स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात मला काही ठरवावे लागले का? बक्षीस नसते तरी मी हे केले असते का? आणि हे आजीला फोनवर सांगितले, तर ती "मग पुढे काय झाले?" असे विचारील का? तिन्ही उत्तरे "नाही" आली, तर ती कामगिरी नव्हती, हजेरी होती.

हजेरीचा तर उघड प्रकारच आहे. २००७ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रोजच्या कामगिऱ्या आल्या आणि नंतर अनेक खेळांनी ती पद्धत उचलली. आज केलेले काम उद्या पुन्हा कोरे होते. तुम्ही उद्याही यावे, म्हणून ते तसे असते. हे ओळखता आले, की रोज जायचे की नाही हे तुम्ही ठरवाल, खेळ ठरवणार नाही.

आणि पालकहो, एक विनंती. "बंद कर ते!" म्हणण्याआधी "ही कामगिरी किती राहिली?" असे विचारा. मुलाबरोबर आणखी चारजण लढत असतील, तर मध्येच उठणे म्हणजे भागीदारांना सोडून जाणे. हातातली पूर्ण होऊ द्यावी आणि नवी घेऊ देऊ नये. आणि उठल्यावर जेवताना ती मराठीत सांगायला लावावी. सांगण्यासारखे काही नसेल, तर ते मुलाच्याच लक्षात येईल.

पुढच्या वर्गासाठी

आता तुमची पाळी. एका कागदावर आपल्या वर्गासाठी एक कामगिरी लिहा. काम कोण देतो, काय करायचे, आणि मुख्य म्हणजे काय ठरवायचे, ते लिहा. "दहा शब्द पाठ कर" ही चालणार नाही, ती रानडुकरे झाली!

नमुना म्हणून आमची एक: वर्गाच्या सहलीला पिठले-भाकरी करायची आहे. पाच घरी जाऊन विचारा, की तुमच्याकडे पिठल्याला काय म्हणतात आणि ते कसे करतात. कोणी झुणका म्हणेल, कोणी बेसन म्हणेल, कोणी पातळ करील, कोणी कोरडे. प्रत्येकाला आपलेच खरे वाटेल. सहलीच्या फळ्यावर नाव मात्र एकच लिहायचे आहे. कोणते लिहाल, आणि उरलेल्या घरांना काय सांगाल?