शीतगृहातील रोपे आणि मुळांतील ओलावा

लावलेले रोप महिना-दीड महिन्यात वाळले, की दोष सहसा जमिनीला, पावसाला किंवा राखणदाराला दिला जातो. पुष्कळदा मात्र ते रोप खड्ड्यात पोचण्यापूर्वीच अर्धमेले झालेले असते. रोपवाटिका ते खड्डा या प्रवासात मुळांतील ओलावा उडून जाणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. शीतप्रदेशांतील वनशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला आहे.

उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेत पाइन, स्प्रूस आदी सूचिपर्णी वृक्षांची अनेक रोपे हिवाळ्याच्या तोंडाशी, वाढ थांबून ती सुप्तावस्थेत गेल्यावर, वाफ्यातून उघड्या मुळांनी काढतात. वसंत ऋतूतील लागवडीपर्यंत ती शीतगृहात राहतात. तेथील तापमान साधारणतः १ ते २ अंश सेल्सिअस, तर दीर्घ साठवणीसाठी शून्याखाली २ ते ४ अंश ठेवले जाते. थंडीमुळे रोपाचे श्वसन मंदावते, साठवलेले अन्न टिकते आणि बुरशीला आळा बसतो.

थंड हवा, कोरडी हवा

थंडी रोपाची वाढ रोखून धरते. ओलावा मात्र राखत नाही. शीतयंत्राच्या नळ्या खोलीतील हवेहून अधिक थंड असतात. हवेतील बाष्प त्यांवर हिम होऊन साचते आणि हवा कोरडी पडते. पिशवी फाटकी किंवा तोंड सैल असेल, तर ही हवा रोपांतील पाणी ओढून घेते. पानांवर मेणासारखे आवरण असते. बारीक तंतुमुळांना ते नसते. म्हणून प्रथम तीच सुकतात.

हे नुकसान सहज दिसत नाही. शेंडा हिरवाच राहतो. लागवडीनंतर पाने पाणी खर्च करू लागतात, पण नवी मुळे फुटत नाहीत. रोप खुरटते किंवा मरते. मागाहून कितीही पाणी घातले तरी मेलेली तंतुमुळे जिवंत होत नाहीत. यास्तव तेथे रोपे पॉलिथीनचे अस्तर असलेल्या, घट्ट बंद पिशव्यांत ठेवतात. गोठलेली रोपे सावलीत हळूहळू वितळू देतात आणि मग विनाविलंब लावतात.

आपल्याकरिता बोध

महाराष्ट्रात बहुतेक रोपे मातीच्या गोळ्यासह पिशवीतून येतात. त्यांना अशा शीतगृहाची गरज नाही. तत्त्व मात्र तेच आहे. सागाची जडी, म्हणजे स्टंप, मातीविना येते. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावी. पिशवीतील रोपे ट्रकमधून नेताना वाऱ्यापासून झाकावीत, उतरताच पाणी द्यावे आणि गोळा फुटू देऊ नये. एका दिवसात लावता येतील तेवढीच रोपे लागवडीच्या जागी न्यावीत.

खड्डे, मजुरी व कुंपण यांवरील खर्च रोप जगले तरच सार्थकी लागतो. म्हणून ग्रामपंचायतींनी व शाळांनी रोपे मोजून घेताना त्यांच्या मुळांची ओलही पाहावी.