बारीक माणसाची साखर

2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. मार्चमध्ये तिर्झेपाटाइड हे वजन आणि साखर दोन्ही उतरवणारे, आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन भारतात विक्रीला आले. बोईसरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा त्याची चर्चा रंगली. एप्रिलमध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनने कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला ‘टाइप 5’ म्हणून मान्यता दिली. ही बातमी मात्र आमच्याकडे कुणाच्या तोंडी आली नाही. कुपोषणासाठी ओळखले जाणारे जव्हार-मोखाडा ज्या जिल्ह्यात आहे, त्या पालघरमध्ये! ते मनाला फार लागले.

इतिहासात फार मागे जायला नको. 1869 मध्ये लँगरहान्स या संशोधकाला स्वादुपिंडात पेशींची बेटे दिसली, 1921 मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती लागले. आपली गोष्ट सुरू होते 1960 च्या सुमारास. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या संशोधकांनी रक्तातले इन्सुलिन मोजून दाखवले, तेव्हा प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात ते भरपूर निघाले. म्हणजे इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही. हे खरे होते, पण अर्धेच. वाढलेली मागणी पुरवता पुरवता त्या बेटांतल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकतात, हा उरलेला अर्धा भाग दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. पोचले ते एवढेच, की मधुमेह हा खात्यापित्या, सुटलेल्या माणसाचा आजार.

नव्वदचे दशक मी बोईसरमध्ये काढले. तारापूर एमआयडीसी तीन पाळ्यांत चालायची. डहाणू, विक्रमगड, जव्हारकडची पोरे कंत्राटावर यायची, उत्तर प्रदेश-बिहारचीही यायची. लघवीतली साखर तपासायची रीत तेव्हाही जुनीच होती. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळे राहिले तर सुटलात. हिरवे, पिवळे, नारिंगी करत द्रावण विटकरी झाले, की कंपाउंडर कागदावर चार अधिक चिन्हे मारायचा. ती चिन्हे घेऊन दारात उभी असलेली माणसे मला अजून दिसतात. त्यांतली कितीतरी काटक, गालफडे बसलेली, पट्ट्याला जादा भोके पाडलेली.

आमच्या चाळीतले एक काका रंगाच्या कारखान्यात होते. वजन पन्नास किलोच्या आत. त्यांना सांगण्यात आले, “गोड बंद, भात बंद, रोज चालत जा, वजन आटोक्यात ठेवा.” आठ तास पायांवर उभा राहणारा माणूस चालायला जाणार कधी, आणि उतरवणार कुठले वजन? ग्लिबेनक्लामाइडची गोळी सुरू झाली. ती बीटा पेशींकडून जास्तीचे इन्सुलिन काढून घेते. दोन पाळ्या लागोपाठ करून आलेल्या कामगाराला तिसऱ्या पाळीला थांबवावे, तशातली गत. काही वर्षे निभावले, मग गोळीचा उपयोग होईना. इन्सुलिनचे नाव निघाले तर काकू डोळ्याला पदर लावायच्या, कारण सुई लागली म्हणजे माणूस संपला अशी समजूत. काकांनी सुई टाळली. पायाचे बोट गेले, मग नोकरी गेली. “तोंडावर ताबा नाही” हा शिक्का मात्र शेवटपर्यंत राहिला. त्या शिक्क्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

कारण खरे उत्तर त्याच दशकात समोर येत होते. 1992 मध्ये हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडले, की आईच्या पोटात उपासमार झाली तर बीटा पेशींची घडणच तोकडी राहते आणि तिचा हिशेब मोठेपणी चुकवावा लागतो. या पेशींची मुख्य वाढ गर्भात आणि पहिल्या काही वर्षांतच होते. त्याच 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि महाराष्ट्र हादरला. जी मुले जगली, त्यांच्या स्वादुपिंडाचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी मात्र 1993 मध्येच पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. हाडामांसाने बारीक, पण चरबी राखून असलेली.

1995 मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाने दाखवले, की मधुमेहाचे निदान होते तेव्हाच बीटा पेशींची निम्मी ताकद गेलेली असते, आणि पथ्य असो वा गोळी, ती पुढेही घटत राहते. एवढे कळल्यावर जगाने काय करावे? 1985 मध्ये कुपोषणजन्य मधुमेहाला दिलेला वेगळा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये काढून टाकला. पुरावा अपुरा, हे कारण. पुरावा गोळा करायला वाड्या-पाड्यांवर गेले होते कोण?

पुढची वर्षे झरझर गेली. 2003 मध्ये अमेरिकेत शवविच्छेदनातून कळले, की लठ्ठ मधुमेहींत बीटा पेशी 63 टक्क्यांनी कमी असतात आणि सडपातळ मधुमेहींतही 41 टक्क्यांनी. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीने दाखवले, की आजार नवा असताना पंधरा किलो वजन उतरवले तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात. ज्यांच्याकडे उतरवायला वजन आहे, त्यांच्यासाठी ही मोठी आशा आहे. पण 2022 मध्ये पुण्याच्या तरुण मधुमेहींचा अभ्यास आला आणि त्यांत सर्वांत मोठा गट निघाला तो इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेचा, निम्म्याहून जास्त.

2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला. निदान आता तरी इथे काही गोष्टी व्हाव्यात. वजनाचा काटा पाहून मधुमेहाचा अंदाज बांधणे थांबावे. बारीक रुग्णाची सी-पेप्टाइड तपासणी व्हावी, म्हणजे त्याच्या पेशी किती इन्सुलिन बनवतात ते कळेल. गरज असेल त्याला पहिल्या दिवसापासून इन्सुलिन मिळावे, आणि ते शिक्षा म्हणून नव्हे तर आधार म्हणून सांगितले जावे. आणि मधुमेहाची मोहीम पाड्यावरच्या किशोरीच्या ताटापासून सुरू व्हावी, कारण तिच्या बाळाच्या बीटा पेशी तिथे घडणार आहेत. बोईसरच्या कामगाराला त्याच्या आजाराबद्दल तीस वर्षे दोष दिला गेला. तो दोष भुकेचा होता, आणि ती भूक मिटवण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची कधीच नव्हती.