एव्हरेस्टचा नकाशा आणि एक फसवा ओढा

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात प्लेन टेबल मांडताना आपण किती कुरकुरतो! १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत सर्व्हे ऑफ इंडियाचे मोर्सहेड, व्हीलर आणि त्यांचे भारतीय सर्व्हेयर हेच काम तिबेटच्या बाजूने करत होते. मोर्सहेडच्या तुकडीने इंचाला चार मैल या स्केलवर सुमारे १२,००० चौरस मैलांचा नवा मुलूख नकाशात आणला.

पण मला आवडला तो व्हीलर. गडी कॅनडाचा, म्हणून पद्धतही तिकडचीच, फोटो-सर्व्हे. उंचावर स्टेशन घ्यायचं, थिओडोलाइटने त्याची जागा पक्की करायची, मग कॅमेरा लेव्हल करून चहूबाजूंचे फोटो. एकच सुळका दोन-तीन स्टेशनांवरच्या फोटोंत ओळखला, की प्रत्येक फोटोवरून त्याची दिशा मिळते. रेषा छेदतात तिथे सुळका. म्हणजे आपलं इंटरसेक्शनच की! फक्त ढग हटेपर्यंत तासन्‌तास थंडीत कुडकुडत बसायचं.

त्याच मोहिमेतल्या गिर्यारोहक मॅलरीने रोंगबुक हिमनदीवर महिनाभर वाट शोधली. पूर्वेकडून येणारा एक ओढा त्याला दिसला होता, पण एवढ्याशा ओढ्यामागे मोठी हिमनदी असेल असं वाटलंच नाही. (त्यात पठ्ठ्याने कॅमेऱ्यात प्लेट्स उलट्या घातलेल्या!) शेवटी तो लांबचा वळसा घालून खार्ता खोऱ्यात गेला. व्हीलरच्या कच्च्या नकाशात मात्र त्या ओढ्यामागे पूर्व रोंगबुक हिमनदी होती, थेट नॉर्थ कोल या खिंडीखाली नेणारी. १९२२ आणि १९२४ च्या मोहिमा तिथूनच वर गेल्या.

हाच व्हीलर १९४१ मध्ये भारताचा सर्व्हेयर जनरल झाला.