उंबरठ्याचा बंदोबस्त

सह्याद्रीतल्या ओढ्यांतून आणि बैलगाडीच्या मोडक्या वाटांवरून हौसेने गाडी हाकणाऱ्यांच्या संभाषणात टायर, विंच आणि डिफरन्शियल लॉक यांचा जितका घोष ऐकू येतो, त्याच्या शतांशानेही दरवाज्याखालच्या चिंचोळ्या पत्र्याचा, म्हणजे सिलचा, उल्लेख होत नाही. आणि तरीही पुढची चाके कातळाची पायरी चढून पलीकडे उतरली व मागची अद्याप अलीकडेच राहिली, की त्या पायरीच्या कडेचा प्रसाद बहुधा याच पत्र्याला मिळतो. 2020 साली बाजारात आलेल्या महिंद्रा थारचा पुढचा चढकोन 41.8 अंश आणि मागचा 36.8 अंश असला, तरी दोन चाकांमधला उंचवटा पोट न टेकता ओलांडण्याचा कोन अवघा 27 अंशांचा आहे, आणि सिलच्या विपत्तीचे मूळ या शेवटच्या आकड्यात आहे.

पत्रा चेपला, ठोकून काढला, असा सरळ मामला येथे नसतो. सिल ही चहूबाजूंनी बंद केलेली पोकळ पेटी असल्यामुळे डेंटरची हातोडी आतून पोहोचत नाही. पुष्कळदा तो भाग कापून नवा जोडावा लागतो, आणि धक्का जबर असेल तर दरवाज्याची चौकटच किंचित तिरपी होऊन दार लागेनासे होते. म्हणून सिलच्या खालून व बाहेरून एक भक्कम पोलादी पाइप न्यावयाचा, ज्याच्यावर गाडी टेकावी आणि खडकावरून घसरत पुढे जावी, अशी तजवीज निघाली. तिला रॉक स्लायडर म्हणतात. पायरी म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत फुटबोर्डांशी तिची गल्लत करू नये. ते माणसाचे वजन पेलतात, गाडीचे नव्हे.

एका स्नेह्याच्या थारला असे स्लायडर बसवताना पुण्याच्या वेशीबाहेरील एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये उभे राहण्याचा योग आला. पाइपाला हात लावण्यापूर्वी मिस्त्रींनी प्रश्न टाकला तो असा : "साहेब, मार बॉडीला द्यायचा की चासीला, ते आधी ठरवा. पाइप काय, केव्हाही वाकवू."

या प्रश्नाचे मर्म गाडीच्या घडणीत आहे. थारसारख्या गाडीत शिडीच्या आकाराची चासी निराळी आणि तिच्यावर रबरी बुशांच्या आधाराने बसवलेली बॉडी निराळी. एखादे चाक खडकावर उंच चढले, की चासी किंचित पिळवटते आणि तो पीळ रबर आपल्या अंगावर घेते. स्लायडर बॉडीला जखडला, तर तो सिलला लगटून वर राहतो, जमिनीपासूनची उंची फारशी खात नाही, परंतु खडकाचा धक्का पातळ पत्र्यांच्या स्पॉट-वेल्डिंगच्या शिवणीवरून आणि त्याच रबरी बुशांवरून चासीकडे जातो. चासीला जखडला, तर पत्रा सुटतो. मात्र चासीपासून बाहेर येणारा प्रत्येक पाय ही एक लांब तरफ होते, आणि पाय कमजोर निघाला तर तोच पाइप वर दुमडून सिलमध्ये घुसतो. दोन्हींना एकदम जखडण्याची युक्ती सुचवणारे शहाणे प्रत्येक शेडमध्ये भेटतात. तसे केल्यास रबराला जी हालचाल करू द्यावयाची तीच बंद होते, आणि तडा कुठे जाईल याचा भरवसा उरत नाही.

माझा कौल शिडीच्या चासीपुरता निःसंशय चासीच्या बाजूचा आहे. तथापि बॉडीवरच्या पद्धतीला सरसकट कनिष्ठ लेखणे अन्यायाचे होईल : डस्टरसारख्या गाडीत निराळी चासीच नसते, आणि अमेरिकेत जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीला कारखान्यातूनच बॉडीला बोल्ट केलेले रक्षक मिळतात. लांब पट्टीने भार पसरवला, मजबूत जागा हेरून बोल्ट दिले, आणि चालकाने पायरीवर गाडी आदळण्याऐवजी टेकवली, तर ते काम देतात.

स्नेह्याने चासी पसंत केली, वेल्डिंगऐवजी बोल्ट मागितले. मिस्त्रींनी दीड इंची सी-क्लास पाइप काढला; त्याचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर आणि भिंत 4 मिलिमीटर. पाइपाच्या अंगावरची जोडाची रेघ त्यांनी बोटाने चाचपली आणि ती वाकणाच्या आतही नाही व बाहेरही नाही, अशी मधल्या अंगाला ठेवून पाइप बेंडरमध्ये घातला, कारण वाकताना बाहेरचे अंग ताणले जाते, आतले दबते, आणि मधल्याला फारसा जाच होत नाही. पोकळ चासीतून आरपार बोल्ट आवळला तर तिच्या भिंती चेपतात, म्हणून प्रत्येक बोल्टाभोवती आत पाइपाचा एकेक तुकडा गेला; ब्रेकची नळी कुठून धावते याची खातरजमा झाल्याखेरीज ड्रिल सुरू झाले नाही. बॅटरीची वायर सोडून पायांना पाइप गाडीवरच टाक्यांनी धरला, मग सगळा सांगाडा उतरवून बाकावर नेला, आणि तिथे एका टोकाचा एक टाका, दुसऱ्या टोकाचा एक, असे आळीपाळीने वेल्डिंग भरले. एकाच बाजूने भरत गेले तर उष्णतेने पाइप धनुष्यासारखा ओढला जातो आणि बोल्टांची भोके जुळत नाहीत.

परीक्षा जॅकने झाली. स्लायडर पुन्हा चढवून त्याच्या मध्यावर उंच जॅक लावला आणि त्या अंगाची दोन्ही चाके जमीन सोडीपर्यंत गाडी उचलली. मिस्त्री सिल आणि पाइप यांच्यामधल्या फटीत दोन बोटे घालून बसले होते. फट कमी झाली, पण बोटे अडकली नाहीत. "दिला थोडा," ते म्हणाले, "द्यायलाच पाहिजे."

कायद्याची बाजू स्नेह्याने आधीच विचारून ठेवली होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते, आणि 2017 साली केंद्रीय परिवहन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पुढच्या क्रॅश गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास फर्मावले. स्लायडर पुढे नसतो हे खरे. तरी रस्त्यावरच्या अंमलदारापुढे गरज पडल्यास उतरवून दाखवता यावा, यासाठी बोल्टांचा आग्रह होता.

रंगाच्या बाबतीत मात्र स्नेह्याचे चालले नाही. त्याला पावडर कोटिंग हवे होते. मिस्त्रींनी पाइपाच्या तळाला पाणी निथळण्यासाठी छोटी भोके पाडली, टोके बंद केली, वर रेड ऑक्साइड आणि साधा काळा इनॅमल फासला, आणि उरलेला डबा ब्रशसकट गाडीच्या डिकीत ठेवून सांगितले, की पहिल्याच खडकावर हा रंग खरवडणार आहे, घरी आल्यावर आपल्या हाताने पुन्हा लावा, आणि त्याच दिवशी बोल्ट आवळून घ्यायला या.