सालदाराच्या घरातले दुखणे

माझे वडील यवतमाळ जिल्ह्यात सालदार होते. एका नापिकीच्या वर्षी ते बोलेनासे झाले. रात्र रात्र जागे, भाकर ताटात तशीच. ‘बाहेरचं लागलं,’ माय म्हणाली. अंगारे झाले, उतारे झाले. डॉक्टर कुणालाच आठवला नाही. वडील वर्षभराने सावरले. शेजारचे काका सावरले नाहीत.

आज कळते, तो आजार होता. उदासी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे हे दोन आठवडे टिकले, तर माणसाला डॉक्टरकडे न्यावे. औषधाने आणि समुपदेशनाने हा विकार बरा होतो. ‘जीव नकोसा झाला का?’ असे घरच्यांनी सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार बळावत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पण या दुखण्याचे मूळ केवळ मनात नसते. २००६ च्या शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, तीही सातबारा पाहून. भूमिहीन सालदाराचे दुःख त्या कागदावर उमटतच नाही. म्हणून वस्तीत कोण जेवले नाही, कोण बोलत नाही, याची विचारपूस आपणच करायची. आणि त्याच तोंडाने मजुरीचा नि जमिनीचा हिशेबही मागायचा.