डॉक्टरांचा डॉक्टर कोण?

आजारी पडलो की आपण डॉक्टरांकडे जातो. पण आजार होऊ नये म्हणून डॉक्टर स्वतःची कोणती काळजी घेतात, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यांना सर्व माहिती असते, तेव्हा ते प्रकृती सांभाळतच असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु माहिती असणे आणि ती आचरणात आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी तेथील डॉक्टरांना पत्रे पाठवून धूम्रपानाची सवय विचारली. ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांतील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा अभ्यास पुढे ५० वर्षे चालला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सिगारेट न सोडणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. मात्र साठाव्या वर्षी सवय सोडणाऱ्यांची सुमारे ३ वर्षे वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ सर्व १०. म्हणजे पदवीने आयुष्य वाढले नाही, सवय सोडल्याने वाढले.

दुसरी गोष्ट लसीकरणाची. रुग्णाला टोचलेली सुई चुकून हाताला लागली, तर रक्तावाटे हिपॅटायटिस बी ही कावीळ होऊ शकते. यासाठी लसीचे तीन डोस घेतात. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा व सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांत रक्त तपासून संरक्षण मिळाले की नाही, याची खात्री करतात. ही तपासणी अनेकदा राहून जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. डॉक्टर स्वतःच स्वतःला औषध लिहून देतो. छातीत दुखले तर 'ॲसिडिटी असेल' म्हणतो, रक्तदाब मोजणे पुढे ढकलतो. रुग्णाला जे तो चालू देणार नाही, ते स्वतःला चालू देतो. म्हणूनच ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कुटुंबाबाहेरच्या डॉक्टरकडे नाव नोंदवण्याचा सल्ला दिला आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेनेही २०१७ साली डॉक्टरांच्या प्रतिज्ञेत स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचे वचन समाविष्ट केले. थकलेला, आजारी डॉक्टर रुग्णाची सेवा नीट करू शकत नाही, हे त्यामागचे कारण आहे.

आपल्या संस्थेच्या सभासदांची मुले-मुली वैद्यकीय व नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळत आहेत, ही अभिमानाची बाब आहे. त्यांचे सत्कार जरूर करावेत. पण त्यांना एवढेही विचारावे: लसीचे तिन्ही डोस झाले का? रक्तदाब केव्हा तपासला? तुझा डॉक्टर कोण? विद्यार्थी मित्रांनीही या प्रश्नांची उत्तरे पहिल्या वर्षापासूनच तयार ठेवावीत. खूप कष्टाने घडलेला डॉक्टर दीर्घकाळ निरोगी राहणे ही त्याच्या रुग्णांचीही गरज आहे.