बाळंतिणीचा खुराक पाहिला, कपडा कोण पाहणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावाला पहिली मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका झाला, घर पाहुण्यांनी भरून गेले. अम्मींनी दुल्हनसाठी अछवानी केली, अळिवाची खीर केली, पायाचे सूप तर रोजच होते. आम्ही दोघी नणंदा आपापले संसार सोडून मदतीला आलो होतो. खाण्यापिण्यात कशाचीच कमी नव्हती. तरीही दहाव्या दिवशी दुल्हनला थंडी वाजून ताप भरला. उजव्या बाजूला काखेजवळ दुखरी, लाल गाठ आली आणि तिकडून पाजताना तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले. बाळ रडून रडून लाल होई. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले दूध आटले. संध्याकाळपर्यंत घरात डब्याचे दूध आलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लेडी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले आणि औषध लिहिण्याआधी विचारले, "ही ब्रा कधीपासून घालतेस?"

ब्रा लग्नाच्या वेळची होती. खालून तार असलेली आणि आता चांगलीच घट्ट. घरात सारखी ये-जा, म्हणून ती रात्रंदिवस अंगातच असे. तारेची कड जिथे रुतत होती, गाठ नेमकी तिथेच होती. आम्ही एकमेकींकडे पाहिले. आम्ही तिच्या ताटाकडे दहा दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष दिले, पण ती आत काय घालते, हे एकीनेही विचारले नव्हते.

हा विषय मासिकात लिहावा की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. शेवटी ठरवले की लाजेपायी बाळंतिणीने ताप सोसण्यापेक्षा लिहिलेले बरे.

घट्ट कपड्याने दूध का कमी होते?

दूध कसे बनते, हे आधी समजून घेऊ. विहिरीचा उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात, तसेच हे आहे. बाळ जितके ओढते, तितके नवे दूध तयार होते. स्तन भरलेला राहिला, तर आता पुरे असा निरोप शरीराला मिळतो आणि दूध बनण्याचा वेग मंदावतो. खीर, हरीरा, डिंकाचे लाडू यांनी आईला ताकद मिळते, ती मिळायलाच हवी. पण दूध वाढवण्याचे मुख्य काम बाळाच्या तोंडाचे आहे.

घट्ट ब्रा किंवा तार एकाच जागी दाबत राहिली, की तिथले दूध नीट वाहत नाही. ते साचते, सूज येते, गाठ होते. दुखते म्हणून आई त्या बाजूने पाजायचे टाळते आणि त्या बाजूचे दूध खरोखरच कमी होऊ लागते. पूर्वी दूध बंद करायचे असले की बायका छाती कापडाने आवळून बांधत. आपण घट्ट ब्रा घालून नकळत तेच करत असतो.

ब्रा घेताना काय पाहावे?

नववा महिना लागला की घरीच टेपने दोन मापे घ्यावीत: एक स्तनांच्या खालून, दुसरे सर्वांत भरलेल्या भागावरून. ती चिठ्ठीवर लिहून ठेवावीत. काउंटरवर पुरुष असतात म्हणून कित्येक भगिनी दुकानात तोंडच उघडत नाहीत आणि मिळेल ती ब्रा घेऊन येतात, किंवा नवरा अंदाजाने आणतो. चिठ्ठी हातात असली की हा प्रश्न मिटतो.

या दिवसांत ब्रा शेवटच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर नीट बसेल अशी घ्यावी. बाळंतपणानंतर फासळ्यांचा घेर कमी होतो, तेव्हा आतले हुक कामी येतात. कप मात्र एक माप मोठाच घ्यावा. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध उतरते आणि स्तन एकदम जड होतात. म्हणून आधी दोनच घ्याव्यात आणि बाकीच्या दोन-तीन आठवड्यांनी, अंग स्थिरावल्यावर नवे माप घेऊन आणाव्यात.

कापड सुती आणि मऊ असावे, खांद्याचे पट्टे रुंद असावेत, तार नसावी. खालच्या पट्ट्यात दोन बोटे सहज गेली पाहिजेत. फीडिंग ब्राचा कप एका हाताने उघडता आणि लावता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात बाळ असते. कप उघडल्यावर पूर्ण स्तन मोकळा व्हावा. कापडाची छोटी खिडकी असेल तर तिची कड दाबते. साधी ब्रा वर सरकवून पाजायची सवय याच कारणाने चांगली नाही. ब्रा काढल्यावर अंगावर लाल वळ दिसले, तर ती लहान आहे, मग ती कितीही नवी असो.

रात्री झोपताना आणि आपल्या खोलीत सैल सुती ब्रा पुरते. काहीच न घालता सैल गाऊन घातला तरी हरकत नाही. पाजल्याने बांधा बिघडतो, या भीतीने आवळून बांधून ठेवू नये. जो बदल होतो तो गरोदरपणातच होतो, पाजल्याने नव्हे.

दूध झिरपते त्यासाठी मलमलच्या जुन्या ओढणीच्या घड्या उत्तम. ओल्या झाल्या की लगेच बदलाव्यात. प्लास्टिकचे अस्तर असलेले पॅड ओल धरून ठेवतात, त्याने त्वचा चिरते आणि बुरशीचा त्रास होतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून किमान तीन ब्रा हव्यात. दमट ब्रा अंगात घालू नये.

बाहेर जाताना समोरून चेन किंवा बटणे असलेला बुरखा आणि मोठी ओढणी असली की पडद्यातच पाजता येते. अनेक एसटी स्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी हिरकणी कक्ष असतो. तो कुठे आहे हे विचारायला संकोच करू नये.

दूध टिकवायचे तर

बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्यावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये. तो थोडाच असतो, पण बाळाला आजारांपासून राखतो. पहिल्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध बनवणारे संप्रेरक रात्री जास्त असते. बाळाच्या तोंडात फक्त बोंडी न देता भोवतालचा काळा भागही जाऊ द्यावा. हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. पाजताना सतत दुखत असेल, तर बाळाने नीट पकडलेले नाही, असे समजावे.

बाळ संध्याकाळी पुन्हा पुन्हा मागते, म्हणजे दूध कमी आहे असे नाही. महिना-दीड महिन्याने स्तन पूर्वीसारखे कडक वाटत नाहीत, तेव्हाही दूध आटलेले नसते. शरीराने बाळाच्या गरजेशी मेळ घातलेला असतो. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर परत येत असेल, तर दूध पुरते आहे. शंका आली तर डबा आणण्याआधी बाळाचे वजन करून घ्यावे. बाटलीने दिलेले प्रत्येक दूध म्हणजे अंगावरचे एक पाजणे कमी. मात्र डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले असेल, तर आईने ते मनाला लावून घेऊ नये.

ताप, लालसर भाग, दुखरी गाठ यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गाठ जोरात चोळू नये. दुखऱ्या बाजूनेही पाजत राहावे, ते दूध बाळाला बाधत नाही. पाजल्यानंतर थंड पाण्याच्या घडीने आराम पडतो.

रमजानमध्ये रोज्याने स्वतःला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल, तर पाजणाऱ्या आईला शरीअतने सवलत दिली आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

खर्च कोणाचा?

चांगली ब्रा महाग पडते, म्हणून कित्येक भगिनी जुनीच ओढत राहतात. सूरह बकरहच्या २३३व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे, तो आपल्याला पाठ असतो. त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नाची आणि वस्त्राची जबाबदारी बाळाच्या वडिलांवर टाकली आहे. अन्नाची बाजू आपल्या घरांतून प्रेमाने सांभाळली जाते. वस्त्र म्हटले की मात्र आपल्याला ईदचा जोडाच आठवतो.

आमच्या भावाने हे ऐकले आणि दुल्हनने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन तो गुपचूप बाजारात गेला. तीन ब्रा आल्या. औषधाने ताप उतरला, पाजणे चालूच राहिले, चार-पाच दिवसांत गाठ विरली. अल्हम्दुलिल्लाह, मुलगी आता बसू लागली आहे. डब्याचे झाकण उघडायची वेळ आली नाही.

ज्या घरात यंदा पाळणा हलणार आहे, तिथल्या सासवांना, नणंदांना आणि जावांना आमचे एवढेच सांगणे आहे: डिंक, खारीक, अळीव यांची यादी कराल, तेव्हा त्याच कागदावर बाळंतिणीचे मापही लिहा.